रक्त कुठे जातं?

तुम्ही सिंगापूरला आला असाल तर रॅफल्स प्लेसच्या मेट्रो स्टेशनातून एकदा तरी वर आला असालच. स्टेशनच्या दारांना जॉन लिटल नावाच्या जुन्या दुकानाच्या दर्शनी भागाचं रूप दिलंय. बाहेर हिरवळीचा छोटासा चौकोन आणि त्याच्याभोवती मान मोडेपर्यंत उंच बँका. गेल्या वर्षी मार्चमध्ये एका मंगळवारी मी आणि आईने या चौकोनाभोवती किती फेऱ्या मारल्या त्याचा हिशेब नाही. आईच्या कमरेला एक पट्टा होता, पट्ट्याला पाकिटाएवढी पेटी होती आणि आईच्या पोटात कॅमेरा होता.

कॅमेरा तिने सकाळी आठ वाजता पाण्याच्या घोटाबरोबर गिळला होता. संध्याकाळी पाचला पट्टा परत करायचा, तोवर चालतंफिरतं राहा, असं जवळच्याच इमारतीतल्या डॉक्टरांनी सांगितलं. आणखी एक बजावलं, की कॅप्सूल बाहेर पडेपर्यंत एमआरआय करायचा नाही. आईने ते 'एमआरटी' ऐकलं. इथे मेट्रोला एमआरटी म्हणतात. मी दोनदा समजावलं, नर्सने एकदा समजावलं. आई म्हणाली, "असेल तुमचं खरं, पण कशाला उगाच विषाची परीक्षा?" त्यामुळे घरी जाता येईना आणि आम्ही दिवसभर तिथेच राहिलो. हा लेख त्या दिवसाचा आहे, आणि त्यानंतर मी जे वाचत सुटले त्याचाही.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. आई राजापूर तालुक्यातली. वय ६६. गेली आठ वर्षं तिचं हिमोग्लोबिन आठ-नऊच्या घरात. दर वेळी लोहाच्या गोळ्या, दर वेळी थोडं वर, गोळ्या थांबल्या की पुन्हा खाली. "बायकांचं असंच असतं" हे वाक्य तिने गावात ऐकलं, पुण्यात ऐकलं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्याकडूनही ऐकलं. मी इथे पोस्टडॉक करते, छोट्या सेन्सरवर काम करते, आणि फोनवरून तिला "पालक खातेस ना?" एवढंच विचारत आले. इथे आली तेव्हा जिना चढताना तिला तीनदा थांबावं लागलं. तपासलं तर हिमोग्लोबिन ७.८. अन्ननलिकेतून दुर्बीण घालून जठर पाहिलं, खालून मोठं आतडं पाहिलं, दोन्ही स्वच्छ. इथल्या डॉक्टरांनी जो प्रश्न विचारला तो आठ वर्षांत कुणीच विचारला नव्हता. पाळी बंद होऊन पंधरा वर्षं झालेल्या बाईचं लोह जातंय कुठे?

प्रश्न साधा वाटतो, पण माणसाला तो सुचायला फार काळ लागला.

रक्त कमी होण्याचा रोग आपल्याकडे जुना. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाला स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात पाच प्रकार मोजलेत. पाचवा माती खाण्यामुळे होणारा. माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही लोह कमी पडल्याची खूण असते हे आजचे डॉक्टरही सांगतात. कारण कुठलं आणि परिणाम कुठला याची अदलाबदल झाली असेल, पण निरीक्षण पक्कं होतं. आणि उपचार लोहाचाच होता, लोहभस्म, मंडूर. रक्तात लोह आहे हे प्रयोगाने दिसलं ते फार पुढे. १७४० च्या दशकात बोलोन्याच्या मेंगिनी नावाच्या वैद्याने रक्त जाळून केलेल्या राखेवर लोहचुंबक फिरवला आणि कण चिकटले.

युरोपात हाच रोग 'तरुण मुलींचा रोग' म्हणून ओळखला जाई. १५५४ मध्ये योहानेस लांगे या जर्मन वैद्याने अशा फिक्या पडलेल्या मुलीसाठी उपाय सुचवला: लग्न लावून द्या. (वाचताना मला आमच्या गावातल्या दोन-तीन वडीलधाऱ्या मंडळींचे चेहरे आठवले.) सतराव्या शतकात सिडनहॅमने लोखंडाचा कीस वाइनमध्ये भिजवून पाजला, १८३२ मध्ये फ्रान्सच्या ब्लोने लोहाच्या गोळ्या प्रसिद्ध केल्या. म्हणजे आईच्या पर्समधल्या गोळीचा जन्म जवळपास दोनशे वर्षांपूर्वीचा. हा सगळा इतिहास भरण्याचा आहे. भांडं रिकामं दिसलं की ओता. भांड्याला भोक आहे का, हे फारसं कुणी पाहत नव्हतं.

भोक ठळकपणे दिसलं ते बोगद्यात. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गोथार्ड रेल्वे बोगद्याचं काम १८७२ ते १८८२ चाललं. तिथले इटालियन मजूर पांढरेफटक पडून मरू लागले. १८८० मध्ये पेरोंचितोने त्यांच्या विष्ठेत आणि आतड्यात अंकुशकृमी दाखवले. हे कृमी मिलानच्या दुबिनीने १८३८ मध्येच पाहिले होते, पण त्यांचा एवढा उपद्रव होत असेल हे पटायला बोगद्यातली माणसं मरावी लागली. कृमी शरीरात शिरतो कसा, हे कळलं ते अपघाताने. १८९८ मध्ये कैरोत आर्थर लूस यांच्या हातावर कृमींच्या अळ्यांचं पाणी सांडलं, हात खाजला, आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच विष्ठेत अंडी सापडली. अळी कातडीतून शिरते, रक्तातून फुप्फुसात जाते, खोकल्याबरोबर घशात येते, गिळली जाते आणि लहान आतड्याला जाऊन चावते. अनवाणी पाय, ओली माती, उघड्यावरचा शौच. तुम्ही कोकणातले असाल तर हे चित्र समजावून सांगायला नको. पावसाळ्यात पायाला सुटलेल्या खाजेपैकी किती चिखल्यांची आणि किती या पाहुण्यांची, हे कुणी वेगळं काढलं असेल असं मला वाटत नाही.

हिशेब करून पाहा. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. मोठ्या जातीचा एक अंकुशकृमी दिवसाला ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. शंभर कृमी असले तर वीस मिलिलिटर, म्हणजे दहा मिलिग्रॅम लोह. आणि अन्नातून आपण दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच शोषतो. त्यातलं काही परत शोषलं जातं हे खरं, तरी पालकाने हे भोक बुजत नाही. संपूर्ण शरीरात मिळून लोह असतं तीन-चार ग्रॅम, एका खिळ्याएवढं.

आता आपल्या माणसांकडे येते, कारण या गोष्टीत एक मराठी नाव आहे आणि ते मला आधी ठाऊक नव्हतं. १९१९ पासून पुढची काही वर्षं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये एक लांबलचक लेखमाला आली. विषय: कृमिनाशक औषधांची रासायनिक घडण आणि त्यांचा गुण यांचा संबंध, मद्रास इलाख्यातल्या अंकुशकृमींच्या चौकशीच्या निमित्ताने. लेखक दोन, जेझुइट फादर जे. एफ. कायस आणि डॉ. के. एस. म्हसकर. एकेक औषध घ्यायचं, रुग्णाला द्यायचं, कृमी किती पडले ते मोजायचं. मोजायचं म्हणजे खरोखर विष्ठा गाळून मोजायचं. ज्यांना संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि चकचकीत यंत्रं वाटतात त्यांनी हे काम एकदा डोळ्यांसमोर आणावं. पुढे याच म्हसकरांचं नाव कायस आणि ब्लॅटर यांच्याबरोबर 'इंडियन मेडिसिनल प्लांट्स'च्या दुसऱ्या आवृत्तीवर आलं. मूळ ग्रंथ कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बसू यांचा.

त्या काळचं अंकुशकृमीवरचं मुख्य औषध होतं थायमॉल. १८८० च्या सुमारास इटलीत बोत्सोलोने ते वापरात आणलं. थायमॉल म्हणजे काय? ओव्याचं फूल! पोट दुखलं की आजी जे खड्यासारखं काहीतरी चिमूटभर द्यायची, ते. पहिल्या महायुद्धाआधी भारतातून ओवा जर्मनीला जायचा आणि तिथे त्याचं थायमॉल निघायचं. अर्थात आजीची चिमूट आणि कृमी पाडणारी मात्रा यांत जमीनअस्मानाचं अंतर. ती मात्रा चांगलीच जहाल असे, वर दारू किंवा तेलकट खाल्लं तर जिवावर बेते. म्हणून कुणी हे वाचून ओव्याच्या बरणीकडे धावू नये.

कृमी हे एक भोक झालं. पण फिकेपणा एकच नसतो, हे दाखवणारं काम आपल्या मुंबईत, परळला झालं. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी मातामृत्यूंच्या चौकशीत त्यांना बोलावलं होतं. गिरणीकामगार आणि गरीब वस्तीतल्या बायका गरोदरपणात रक्त कमी होऊन मरत होत्या. हाफकिन संस्थेत विल्स यांनी रक्त तपासलं, तर तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या. लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात. म्हणजे हा रोगच निराळा. त्यांनी आणि डॉ. तळपदे यांनी या बायका काय खातात, कशा राहतात त्याची पाहणी केली. उंदीर झाले, माकडं झाली, आणि शेवटी यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, लागू पडला. १९३१ मध्ये त्यांनी हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलं. त्या अर्कातला घटक आज फोलेट म्हणून ओळखला जातो. फोलिक ॲसिड हे नाव १९४१ मध्ये पालकातून ते वेगळं काढताना दिलं गेलं, पानावरून. म्हणजे माझा पालक अगदीच वाया नव्हता, फक्त चुकीच्या रोगाला चिकटला होता.

मला विल्स आवडतात त्या एवढ्यासाठी, की "बायकांचं असंच असतं" या वाक्यावर त्यांनी समाधान मानलं नाही. त्या फुलर्टनची इमारत माहीत आहे ना, रॅफल्स प्लेसहून नदीकडे गेलं की समोर येते ती? तीही १९२८ सालची. दुपारी आई तिच्या पायऱ्यांशी सावलीला बसली होती. हातात पेजेची बाटली, कारण गोळी गिळून चार तास झाले होते आणि हलकं खायला परवानगी मिळाली होती. पेटीवरचा निळा दिवा लुकलुकत होता. "बंद पडला की सांग गो," असं ती दर पाच मिनिटांनी म्हणे.

त्या दिव्यामागची गोष्ट माझ्या धंद्यातली, म्हणून जरा रेंगाळते.

शरीराच्या आत डोकावण्याची धडपड जुनी. १८६८ मध्ये कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या एका कसरतपटूच्या घशातून सरळ नळी घातली, सामान्य माणसाला ते जमणारं नव्हतं. वाकणारी नळी हवी होती. १९५४ मध्ये मोग्यात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे गुरू हॉपकिन्स यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येतं हे दाखवलं. त्यावरून मिशिगनमध्ये हिर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये लवचीक दुर्बीण केली आणि ती पहिल्यांदा स्वतःच गिळली. जठर दिसू लागलं, पुढे मोठं आतडंही. मध्ये राहिलं ते लहान आतडं. सुमारे सहा मीटर लांब, वेटोळ्यावर वेटोळं. वरून नळी घातली तर थोडंच अंतर जाते, खालून घातली तर दारापाशीच थांबते. रक्त तिथे गळत असलं तर डॉक्टर अंदाज करत, नाहीतर पोट उघडून पाहत.

१९५७ मध्येच अमेरिकेचे मॅके आणि स्वीडनचे याकोबसन यांनी गिळता येईल असा रेडिओ केला होता. तो पोटातला दाब आणि तापमान कळवायचा, चित्र नाही. चित्राची कल्पना ज्यांना सुचली ते गाव्रिएल इद्दान इस्रायलच्या संरक्षण संशोधनातले अभियंते. क्षेपणास्त्राच्या टोकाशी डोळा बसवणं हे त्यांचं काम. १९८१ मध्ये बोस्टनला सुट्टीच्या वर्षात शेजारी राहणाऱ्या एतान स्कापा या पोटाच्या डॉक्टरांनी त्यांच्यापुढे लहान आतड्याची अडचण मांडली. कल्पना सुचली, पण बरीच वर्षं पडून राहिली, कारण त्या काळच्या कॅमेऱ्याच्या चिपला वीज इतकी लागायची की गोळीतली बॅटरी दहा मिनिटांत संपेल. १९९० च्या दशकात नासाच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसम आणि सहकाऱ्यांनी कमी विजेवर चालणारी सीमॉस चिप विकसित केली, तीच जी आज तुमच्या फोनमध्ये आहे, आणि कुलूप उघडलं. इकडे लंडनमध्ये पॉल स्वेन स्वतंत्रपणे हाच विचार करत होते. दोघे एकत्र आले. १९९९ मध्ये पहिली गोळी गिळली ती स्वेन यांनीच. पोटाच्या डॉक्टरांत ही आपलं यंत्र आपणच आधी गिळायची परंपरा दिसते. २००० मध्ये 'नेचर'मध्ये एका पानाचा निबंध आला आणि ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

गोळी ११ मिलिमीटर जाड, २६ मिलिमीटर लांब. सेकंदाला दोन फोटो. आठ तासांत किती? सत्तावन्न हजार सहाशे. तिला चाक नाही, सुकाणू नाही, आतडंच तिला पुढे ढकलत नेतं. यात एक धोका आहे तोही सांगायला हवा. आतडं कुठे आकसलेलं असलं तर गोळी अडकते. आपल्याकडे आतड्याच्या क्षयाने असं आकसणं होतं, वर्षानुवर्षं वेदनाशामक घेणाऱ्यांतही होतं. म्हणून शंका असली तर आधी विरघळणारी नकली गोळी गिळायला देतात. आईने ती आठवड्यापूर्वी गिळली होती. शिवाय गोळी फक्त पाहते. तुकडा काढत नाही, रक्त थांबवत नाही. आणि पुष्कळदा काहीच दिसत नाही, हेही डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

दुपारनंतर आम्ही कॅव्हना पुलावर गेलो. १८६९ चा पूल, लोखंड ग्लासगोहून आलेलं. पुलाच्या तोंडाशी अजून पाटी आहे, गुरंढोरं आणि घोड्यांना मज्जाव. आईला ती फार आवडली. मी तिला सांगितलं की आपण सकाळपासून जिथे फिरतोय तिथे एक टेकडी होती. १८२२ मध्ये ती फोडून तिच्या मातीने नदीकाठची दलदल बुजवली, आणि टेकडीच्या जागी हा चौक झाला. आधी नाव कमर्शियल स्क्वेअर, १८५८ मध्ये रॅफल्स प्लेस. माती उपसणारे चिनी, मलायी आणि हिंदुस्थानी मजूर. पुढे १८२५ पासून कंपनी सरकारने हिंदुस्थानातून जन्मठेपेचे कैदी इथे आणले, मुंबई इलाख्यातलेही. इथले रस्ते, सेंट अँड्र्यूज चर्च त्यांच्या हातचं. आईने विचारलं, "अनवाणीच असतील ना रे ते?" (तिला मी अजूनही अधूनमधून 'रे' असते.) मला उत्तर द्यायची गरज नव्हती.

खरं सांगू? मला मनातून अंकुशकृमीच हवा होता. कोकणातली अनवाणी पोर, ओली माती, म्हसकर, ओव्याचं फूल. लेख आपोआप तयार होता. विष्ठातपासणीत अंडी सापडली नव्हती, तरी मी आशा सोडली नव्हती. पाच वाजता पट्टा परत केला. दहा दिवसांनी डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. गुलाबी मखमलीसारखी भिंत, तिच्यावरच्या बारीक लवा, आणि मग एका ठिकाणी पांढरा खड्डा, कडेला लाल. पुढे आणखी एक. असे सात. एकातून रक्ताची रेघ.

डॉक्टरांनी विचारलं, "गुडघ्यांसाठी काय घेता?"

आईने पर्स उघडली. दहा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी. पंधरा दिवस संपले, चिठ्ठी जुनी झाली, औषधाचं दुकान मात्र देत राहिलं. सोबत ॲसिडिटीची गोळीही ती नेमाने घेत होती, त्यामुळे जठर ठणठणीत. ती गोळी जठर राखते, लहान आतड्याला तिचा उपयोग नाही. आणि हे कुणाला नीट ठाऊकही नव्हतं, कारण तिथे पाहायला डोळाच नव्हता. २००५ मध्ये ह्यूस्टनच्या संशोधकांनी दीर्घकाळ वेदनाशामक घेणाऱ्या थोड्या लोकांना ही कॅप्सूल गिळायला दिली तेव्हा सत्तर टक्क्यांच्या आसपास जणांच्या लहान आतड्याला इजा झालेली दिसली. न घेणाऱ्यांत हे प्रमाण दहा टक्के.

आठ वर्षं ती एका हाताने लोहाची गोळी घेत होती आणि दुसऱ्या हाताने रक्त घालवणारी. दोन्ही एकाच पर्समधून. आणि मी, जिला वर्षातून एकदा घरी गेल्यावर ती पर्स उघडून पाहता आली असती, ती फोनवर भाजी सुचवत होते.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. या सगळ्यांना कॅप्सूल गिळायला लावा असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. त्यातल्या बहुतेकींचं कारण ताटात, पाळीत आणि बाळंतपणात आहे, आणि तिथे गोळ्याच हव्यात. आईसारख्या, पाळी थांबलेल्या बायका तर त्या मोजणीत येतही नाहीत. तुमच्या घरी अशी कुणी असेल, तर पुढच्या व्हिडिओ कॉलला गोळ्यांचं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. सगळी पाकिटं, दुखण्यावरचीही.

आईची वेदनाशामक बंद झाली. लोह दोनदा शिरेतून दिलं. गुडघ्यांसाठी व्यायाम दिलाय, तो ती करते असं सांगते. जूनमध्ये हिमोग्लोबिन ११.४ आलं. कॅप्सूल तिसऱ्या दिवशी बाहेर पडली. ती परत द्यायची नसते हे कळल्यावर आईला फार हळहळ वाटली. "एवढा महागाचा कॅमेरा," ती म्हणाली, "धुवून नसता का वापरता आला?"